सहाऐवजी दोनला

रात्री ११.४५

ब्रिजवर गेल्यावर पहिली पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. अंधाराला डोळे सरावल्याशिवाय वॉच हातात घ्यायचा नाही, हे कॅडेट असल्यापासून अंगात मुरलंय. माझा वॉच बारा ते चार, रात्रीचा आणि दुपारचा. आमच्या क्रूझ जहाजावर मार्ग आखायचं काम सेकंड ऑफिसरचं, त्यामुळे हवामानाची फाइलही माझ्याच गळ्यात. संध्याकाळी सहाला बर्गन सोडलंय, सकाळी आठच्या आत ऑलेसुंडच्या धक्क्याला लागायचंय आणि मधे स्टाड आहे.

थर्ड ऑफिसर ताबा देतो : कोर्स, वेग पंधरा नॉट, उजवीकडे दोन मासेमारी बोटी, बर्गनपासून जहाजावर असलेल्या दोन पायलटांपैकी कोण जागा आहे. बॅरोमीटर १००९, स्थिर. त्याने फार हुरळून जाण्यात अर्थ नाही. आइसलंडच्या दक्षिणेला जे शिजतंय त्याची झळ आमच्यापर्यंत अजून आलेली नाही, इतकंच ते आकडे सांगतात.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आहे. उत्तरेकडची जमीन आणि ध्रुवाकडचं बर्फ थंड झालंय. तिथला समुद्र मात्र अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे अजून सहा-सात अंशांवर. त्याच प्रवाहामुळे ७१ अंश उत्तरेवरचं बंदरही हिवाळ्यात गोठत नाही, आणि त्याच्यामुळेच इथली वादळं पोसली जातात. गार हवा आणि उबदार, दमट हवा यांची सीमा या किनाऱ्यावरून दक्षिण-उत्तर सरकत राहते, आणि त्या सीमेवर एकामागून एक कमी दाबाचे पट्टे धावतात. ही सगळी उपपत्ती पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस विल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्यांच्या मुलाने मांडली, तीही आत्ता मागे सोडलेल्या बर्गनमध्येच. त्या पावसाळी गावात बसून दुसरं काय सुचणार म्हणा!

रात्री १.३०

स्टाड. नकाशावर बघितलं तर नॉर्वेचा एक डोंगराळ खांदा समुद्रात घुसलेला दिसतो. बेटांच्या आडोशाने चाललेला आतला मार्ग इथे संपतो आणि जहाज उघड्यावर येतं. वायकिंग लोक हे टोक टाळायला आपल्या होड्या डोंगरावरून ओढून पलीकडे नेत, असं सांगतात. खरं-खोटं कोण जाणे, पण ज्याने हे टोक नोव्हेंबरात ओलांडलंय त्याला पटायला जड जात नाही.

आज वारा फार नाही, वीसेक नॉट. दक्षिणेच्या क्रोकेनेस आणि उत्तरेच्या स्विनोय दीपगृहांवरच्या नोंदी तासातासाला पाहतो. दोन्हीकडे वारा बेताचा. तरी समुद्र शांत नाही. तीन दिवसांपूर्वीच्या वादळाची फुगी लाट पश्चिमेकडून अजून येतेच आहे. इथल्या उंचसखल तळामुळे आणि प्रवाहांमुळे ती सरळ येत नाही, कुठूनही अंगावर येते.

प्रवासी नेहमी लाटेची उंची विचारतात. मी आधी सेकंद मोजतो. आजची लाट तीन मीटरची, बारा सेकंदांची. बारा सेकंदांची लाट खोल पाण्यात सुमारे सव्वादोनशे मीटर लांब असते आणि छत्तीस नॉटने पळते. स्टाडला वळसा घालून आम्ही ईशान्येकडे वळलो की ती डाव्या पिछाडीकडून तिरकी येणार. आम्ही तिच्यापुढे पंधरा नॉटने पळत असल्याने ती आम्हाला बाराऐवजी सतरा सेकंदांनी गाठते. गडबड तिथेच आहे. या जहाजाचा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाऊन परत यायचा स्वतःचा काळही सतरा-अठरा सेकंदच आहे. दोन्ही जुळले की तीन मीटरची लाटसुद्धा जहाजाला सहा मीटरच्या लाटेसारखं लोळवते.

वळण घेतल्यावर झोक हळूहळू वाढायला लागला. काटा चार अंशांवर, मग सहा, मग आठ. कुठल्याशा पॅन्ट्रीत ट्रॉली सुटल्याचा आवाज. कॅप्टनने रात्रीच्या हुकूमवहीत पंधरा अंशांपर्यंत कोर्स बदलायची मुभा लिहून ठेवलीय. पायलटला विचारलं, समोरचं पाणी मोकळं आहे याची खात्री केली आणि पंधरा अंश डावीकडे घेतलं. आता लाट आणखी बाजूने, पण पंधरा सेकंदांनी भेटू लागली. काही मिनिटांत काटा तीन-चारवर आला. वेग कमी करूनही हेच साधलं असतं, पण पोटाखालच्या स्टॅबिलायझरच्या पंखांना वेग लागतो. जहाज मंद केलं की ते नुसते लटकतात. हजारेक माणसं झोपेत होती, त्यांना यातलं काही कळलं नाही, ते उत्तम.

रात्री ३.१५

नॅव्हटेक्सच्या पडद्यावर नवा संदेश. ५१८ किलोहर्ट्झवर किनाऱ्याची केंद्रं ठरल्या वेळी वादळाचे इशारे देतात. उपग्रह इंटरनेट जहाजावर आलं तरी हे जुनं यंत्र माझं आवडतं, कारण ते हवामान सांगताना रंगीत नकाशे दाखवून भुरळ पाडत नाही. नॉर्वेचे आकडे मीटर प्रति सेकंदात, ढोबळमानाने दुप्पट केले की नॉट. ब्रिटिश अंदाजही मी वाचतो, कारण नैऋत्येकडून येणारं वादळ आधी त्यांच्या पाण्यातून जातं. तिथे शब्द मोजूनमापून वापरतात : ‘इमिनंट’ म्हणजे सहा तासांच्या आत, ‘सून’ म्हणजे सहा ते बारा, ‘लेटर’ म्हणजे बारा तासांपलीकडे. फेअर आयल आणि व्हायकिंग या दोन्ही सागरी भागांना ‘लेटर’. १८५९च्या ऑक्टोबरअखेर ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर आपटून चारशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर ॲडमिरल फिट्झरॉयने १८६१मध्ये वादळाचे इशारे सुरू केले. ‘रॉयल चार्टर’ बुडालं तेव्हाही हाच मोसम होता.

बॅरोमीटर १००७. फाइलमध्ये रात्रीचे आकडे भरले, चीफ ऑफिसरकडे चारला ताबा दिला आणि दोन तास पाठ टेकली.

सकाळी ६.३०

जहाज बांधताना माझी जागा मागच्या डेकवर, दोरखंडांपाशी. हवा स्तब्ध, धक्क्यावरचे दिवे पाण्यात सरळ उभे. अशी सकाळ पाहून कुणाला वादळाचं सांगितलं तर तो आपल्यालाच वेड्यात काढील. माझ्या हाताखालचा कॅडेट मालवणचा. डेकवर कामाची भाषा इंग्रजीच, पण दोर चढवून झाल्यावर हळूच म्हणाला, “सर, आमच्याकडं मतलई वारा सुटतो तेव्हा असाच असतो समुद्र. बापूस म्हणायचा, मासेमारीला यासारखा दिवस नाही.”

“तुझ्या बापूसला दर्या चार महिने बंद ठेवायची मुभा होती,” मी म्हटलं. “इथे वर्षभर चालू.”

खरंच आहे ते. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राशी देणंघेणं नसे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर मात्र १८९३पासून टपालबोटी हिवाळ्यातही धावतात. समुद्र बंद होत नाही, म्हणून रोज नव्याने ठरवावं लागतं.

ऑलेसुंडलाही वाऱ्याचा इतिहास आहे. १९०४च्या जानेवारीत, जोराचा वारा सुटलेल्या रात्री इथे आग लागली आणि जवळजवळ सगळं लाकडी गाव जळालं. आज पर्यटक ज्या नक्षीदार दगडी इमारतींचे फोटो काढतात त्या त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत उभ्या राहिलेल्या.

सकाळी ८.४५

दिवसाचं खरं काम हे. युरोपियन केंद्राच्या मध्यरात्रीच्या गणिताचे निकाल सकाळी हाती येतात. कॅप्टन, स्टाफ कॅप्टन, चीफ इंजिनिअर, हॉटेल डायरेक्टर आणि मी. टेबलावर कॉफी आणि पडद्यावर तो कमी दाबाचा भोवरा.

काल रात्री त्याचं केंद्र ९९४ होतं. आज रात्रीपर्यंत ९६८ होणार. या अक्षांशांवर चोवीस तासांत चोवीस हेक्टोपास्कल घसरण झाली की हवामानशास्त्रज्ञ त्याला स्फोटक म्हणतात. त्यात आमचं वादळ बसतं. एकच गणित पाहून मी बोलत नाही. तीच सुरुवात थोडी-थोडी बदलून केलेली पन्नास गणितंही असतात, त्यांच्या रेषा एकमेकींना किती धरून आहेत ते पाहतो. आज केंद्राच्या वाटेबद्दल त्यांच्यात मतभेद आहेत, पण फ्रंट, म्हणजे गार आणि उबदार हवेची ती सीमा, आमच्या किनाऱ्यावर कधी पोचेल याबद्दल जवळपास एकमत : संध्याकाळी सात ते नऊ.

छापील कार्यक्रमानुसार आम्ही ऑलेसुंड सहाला सोडणार. इथून अडीच तासांवर हुस्टाडविका. म्हणजे साडेआठला, बरोबर फ्रंटच्या तोंडी.

हुस्टाडविका हा उघड्या किनाऱ्याचा छोटा तुकडा, पाणी उथळ आणि खडकांनी भरलेलं. किनाऱ्याची ठेवण नैऋत्य-ईशान्य. वादळ येण्याआधी वारा दक्षिण-आग्नेयेकडून, म्हणजे जमिनीवरून येतो. तोवर डोंगर आपल्याला पाठीशी घालतात. फ्रंट गेला की तोच वारा पश्चिम-वायव्येकडे फिरतो आणि समुद्रावरून थेट खडकांकडे ढकलू लागतो. २३ मार्च २०१९ रोजी ‘व्हायकिंग स्काय’ हे जहाज १,३७३ माणसांसह इथेच वादळात इंजिनं गमावून बसलं. वंगणतेलाच्या टाक्यांमधली पातळी कमी होती, जहाज हेलकावू लागल्यावर पंपांना तेलाऐवजी हवा मिळाली आणि यंत्रणेने इंजिनं स्वतःहून बंद केली. नांगर धरेनात, खडक जहाजाच्या लांबीहून कमी अंतरावर राहिले होते. हेलिकॉप्टरने सुमारे पावणेपाचशे माणसं एकेक करून उचलली. जहाज अखेर स्वतःच्या इंजिनांवर मोल्डेला पोचलं.

म्हणून माझा प्रस्ताव दोन ओळींचा होता : दुपारी दोनला सुटायचं. वारा जमिनीवरून असतानाच हुस्टाडविका ओलांडायचं आणि स्मोला, हित्रा या बेटांच्या आड ट्रॉन्डहाइम्सलेया नावाच्या आतल्या मार्गात शिरून, मंद वेगाने चालत रात्र काढायची.

हॉटेल डायरेक्टर अर्थातच नाराज. दुपारची डोंगरावरची सहल रद्द, पैसे परत. त्याने विचारलं, चारला चालणार नाही का? हा प्रश्न दरवेळी येतो, आणि खरं तर योग्यच असतो. चारला सुटलो तर साडेसहाला तिथे, कागदावर फ्रंटच्या आधी. पण अंदाज दीड-दोन तासांनी चुकणं यात काही विशेष नाही. आणि सूर्य चारच्या सुमारास मावळतो. खडकांतून जाताना थोडा उजेड हाताशी असला तर बरं. कॅप्टन बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “दोन.”

माझं मत विचाराल तर शरदाच्या शेवटी इथल्या सफरी आखताना सगळ्यात महागडी चीज इंधन नव्हे, मोकळे तास. उन्हाळ्यात कंपन्या रोज एक बंदर टाकतात आणि ते निभतं. नोव्हेंबरात तसंच वेळापत्रक लावलं की कॅप्टनला प्रत्येक वादळात वेळेशी झगडावं लागतं. आमच्या मार्गात दोन बंदरांमध्ये मुद्दाम सैल वेळ सोडलीय आणि प्रत्येक बंदराला एक पर्यायी बंदर लिहून ठेवलंय, तेही वेगळ्या दिशेला उघडणारं. एक नैऋत्येच्या वाऱ्याला उघडं असेल तर दुसरं त्याच वाऱ्याला झाकलेलं हवं; दोन्ही एकाच वाऱ्याने बंद पडणार असतील तर तो पर्याय कसला!

सकाळी १०.३०

चीफ इंजिनिअरने वंगणतेलाच्या टाक्या मोजल्या. हल्ली या किनाऱ्यावर हे काम कुणाला सांगावं लागत नाही. बोसन आणि त्याची माणसं डेकवरच्या खुर्च्या बांधतायत. पोहण्याचा तलाव रिकामा होतोय. वरच्या मजल्यावरचं ते हिंदकळणारं पाणी जहाजाच्या तोलाला वैरी असतं. पाणी आटताना तळाशी कुणाचा तरी चष्मा, दोन नाणी आणि एक रबरी बदक निघालं. बदक गोव्याच्या बार स्टुअर्डने काउंटरवर ठेवलंय, मालक येईपर्यंत.

सकाळी ११.३०

गँगवेवर पुण्याच्या सहलगटाच्या ताई भेटल्या. चाळीसेक मंडळी, बहुतेक साठीच्या पुढची.

“साहेब, दुपारची सहल रद्द केलीत. आता निदान लाइट्स तरी दिसतील ना? लोक मला धारेवर धरतायत हो.”

“ताई, आज रात्री ढगच ढग. आशा ठेवूच नका.”

“मग हवामान खराब असताना हा महिना निवडलाच का म्हणते मी?”

प्रश्न रास्त होता. ध्रुवीय प्रकाशाला दोन गोष्टी लागतात : अंधार आणि निरभ्र आकाश. उन्हाळ्यात इथे अंधारच नसतो. ट्रोम्सोला या आठवड्यात सूर्य दोनच्या सुमारास मावळतो. २७ नोव्हेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवतच नाही. आत्ता थोडा दिवस आणि भरपूर रात्र दोन्ही मिळतात. निरभ्र आकाशाचं मात्र नशीब नसतं, भूगोल असतो. समुद्राचा वारा थेट येतो त्या बंदरांत ढग अडकून राहतात. आल्टा फ्योर्डच्या आत, डोंगरांच्या पलीकडे, पाऊस तिथवर पोचेपर्यंत रिता झालेला असतो. १८९९मध्ये या प्रकाशाचा अभ्यास करायला जगातली पहिली कायमची वेधशाळा आल्टाजवळच्या हाल्डे डोंगरावर बांधली, ती उगाच नाही.

“तर तुमच्या लोकांना सांगा, आल्टाच्या रात्री लवकर झोपू नका. आणि आज दुपारी जेवण हलकं घ्या, गोळी जहाज हलायच्या आधी.”

शेजारी उभे असलेले एक काका म्हणाले, “मी १९७२ साली बोटीने गोव्याला गेलोय. मला काही होत नाही.” त्यांना मी आलं घातलेल्या बिस्किटांचा पुडा दिला. त्यांनी तो खिशात टाकला, बोलले काही नाहीत.

दुपारी १.५०

सगळे प्रवासी आत. वारा आग्नेयेकडून पंचवीस नॉट, झोतात बत्तीस. सात तासांपूर्वी पाण्यात दिवे सरळ दिसत होते. बॅरोमीटर ९९८, तीन तासांत पाच उतरला.

जहाजाची बाजू म्हणजे दहा मजली भिंत, सुमारे सहा हजार चौरस मीटर. तीस नॉटचा वारा तिच्यावर सरळ आला तर नव्वद टनांचा रेटा, चाळीसला एकशे साठ. वारा दीडपटीहून कमी वाढला तरी रेटा पावणेदोनपट होतो. आज वारा आम्हाला धक्क्यापासून दूर लोटतोय, म्हणजे सुटताना मदतच. उलट दिशेने असता तर टगबोट बोलवावी लागली असती. मागचे दोर सुटले, कॅप्टनने थ्रस्टरला नुसतं शिवलं आणि आम्ही बाहेर. १४.०४.

दुपारी ४.२०

माझा वॉच चारला संपलाय, पण कुणी मला जा म्हटलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. उजवीकडे बुड गावचे दिवे. हुस्टाडविका सुरू.

डोंगरावरून येणारा वारा पाण्यावर पांढरे पट्टे ओढतोय, पण लाट उठत नाहीये. तिला धावायला अंतरच मिळत नाही. पश्चिमेची जुनी लाट तेवढी पोटाखालून जाते. झोक पाच अंश. अटलांटिक रोडच्या पुलावरून गाड्यांचे दिवे जाताना दिसले. १९८९मध्ये खुला झालेला हा रस्ता बेटाबेटांवरून उड्या मारत जातो आणि वादळ बघायला लोक तिथे मुद्दाम येतात. आज त्यांना आम्हीही दिसत असू. पायलट, वय साठीकडे झुकलेलं, शेवटच्या खडकाचं दीपगृह मागे पडल्यावर म्हणाला, “गुड टाइम टू बी अर्ली.” नॉर्वेजियन माणसाच्या तोंडून एवढं म्हणजे भाषणच.

संध्याकाळी ७.४०

स्मोलाच्या आड. आठ नॉटने चाललोय. फ्रंट सव्वासातला गेला : बॅरोमीटरचा काटा थांबला, उडी मारून वर आला, वारा अर्ध्या तासात आग्नेयेकडून पश्चिमेकडे फिरला. डोक्यावर घोंघावतोय, पण जहाज सरळ. स्विनोयची ताजी नोंद बावन्न नॉट. हुस्टाडविकाच्या लाटेचा अंदाज सात मीटर.

आता पुढचं. या वादळाच्या पाठीमागून ध्रुवाकडची गार हवा खाली येणार. साडेपाच किलोमीटर उंचीवर उणे एकोणचाळीस, खाली समुद्र सहा अंश. या दोहोंत त्रेचाळीस अंशांहून जास्त फरक पडला की पोलर लो जन्मण्याची शक्यता धरायची. पोलर लो म्हणजे दोन-चारशे किलोमीटरचं छोटं, हट्टी वादळ. उपग्रहाच्या चित्रात स्वल्पविरामासारखं दिसतं, आयुष्य फार तर दीड-दोन दिवसांचं, आणि अर्ध्या तासात झुळकीचा तुफान वारा करतं, वर दाट हिमवर्षाव. मोठ्या वादळासारखा त्याचा अंदाज चार दिवस आधी येत नाही. फक्त एवढं सांगता येतं की शुक्रवार-शनिवारी आमच्या वाटेवरच्या लोपहावेटच्या उघड्या पाण्यात त्याला पोषक हवा असेल. आमचा कार्यक्रम म्हणजे गुरुवार ट्रोम्सो, शुक्रवार आल्टा, शनिवार होनिंग्सवोग.

कॅप्टनच्या केबिनमध्ये मी दोन कागद ठेवले. एकात होनिंग्सवोग गाळून आल्टाला दोन रात्री. दुसऱ्यात आहे तसाच कार्यक्रम, निर्णय गुरुवारी सकाळी. कॅप्टनला दुसरा आवडला, कारण होनिंग्सवोगजवळच्या उत्तर टोकाची जाहिरात करूनच तिकिटं विकलेली असतात. पण आल्टाचा धक्का आत्ताच अडवून ठेवायला त्याने सांगितलं.

एजंटला मेल टाकला. वीस मिनिटांत उत्तर : शनिवारी धक्का मोकळा आहे, शुक्रवारी मात्र एक मालवाहू जहाज सकाळी अकरापर्यंत. म्हणजे शुक्रवारी अकराच्या आधी पोचून उपयोग नाही. पण लोपहावेट तर लवकरात लवकर, पहाटेच्या आत ओलांडलेलं बरं. मग आल्टाफ्योर्डच्या आत थांबायचं कुठे, नांगर टाकायला खोली किती, तळ कसला, नैऋत्येचा वारा आला तर आडोसा कुठल्या बाजूला? चार्ट उघडलाय. बाराला परत वॉच आहे, त्याआधी हे आखून कॅप्टनच्या टेबलावर ठेवायचंय.